बाथरूमच्या टाइल्स: बजेट आखण्यापासून शेवटच्या सांध्यापर्यंत

दुकानातल्या फलकावर जो भाव लिहिलेला असतो, तो फक्त टाइलचा. तीच टाइल भिंतीवर लागते तेव्हा तिच्या मागे तिला चिकटवणारं अ‍ॅडहेसिव्ह असतं, चारही बाजूंच्या सांध्यांत भरलेलं ग्राउट असतं, त्याच्याही मागे वॉटरप्रूफिंग असतं आणि या सगळ्यावर मिस्त्रीची मजुरी झालेली असते. त्यामुळे दोन टाइल्सची तुलना करताना बसवून झालेल्या फुटाचा भाव धरावा. हा एक हिशोब जमला की निवडीतले निम्मे घोळ आपोआप सुटतात.

समजा वॉटरप्रूफिंग, अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट आणि मजुरी मिळून चौरस फुटाला १०० एकक खर्च येतो. एक टाइल ५० ची आहे, दुसरी ७५ ची. दुकानात दुसरी दीडपट महाग दिसते. बसवून झाल्यावर मात्र १५० विरुद्ध १७५ असा हिशोब होतो, म्हणजे फरक साधारण १७ टक्के. मनात भरलेली टाइल केवळ फलकावरच्या आकड्याला घाबरून सोडण्याआधी हा हिशोब करून बघा. याची दुसरी बाजूही आहे. दोन बाय चार फुटांची मोठी टाइल लहान टाइलच्याच भावात मिळाली, तरी तिला भिंत जास्त सपाट लागते, अ‍ॅडहेसिव्ह वरच्या दर्जाचं लागतं, उचलायला दोन माणसं लागतात आणि कापताना एक फुटली तर आठ फूट माल जातो. तिथे फलकावरचा भाव सारखा आणि बसवलेला भाव कितीतरी वर, असं होतं.

आधी कशाचे पैसे बाजूला काढायचे

बहुतेक लोक आधी टाइल निवडतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचं काम 'बसवतात'. मी उलट क्रम सांगेन. जे काम पुन्हा करायचं तर सगळं फोडावं लागेल, त्याचे पैसे सर्वात आधी काढा. जुनी फरशी फोडणं आणि मलबा टाकणं, भिंतीतले पाइप, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशीचा उतार, हे सगळं त्यात आलं. मग अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट आणि मजुरी. मग जमिनीची टाइल. भिंतीची टाइल सगळ्यात शेवटी, कारण सौंदर्याची तडजोड तिथे सर्वात स्वस्तात करता येते. साधी पांढरी भिंत कधी वाईट दिसत नाही. गळकं बाथरूम मात्र कितीही महाग टाइल लावली तरी गळतंच.

जुनं बाथरूम फोडत असाल तर एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम वेगळी ठेवा. जुन्या टाइल्समागे काय निघेल हे फोडेपर्यंत कोणालाच माहीत नसतं: सडलेला पाइप, भुसभुशीत प्लास्टर, ओलंब्यात नसलेली भिंत.

हिशोबातून हमखास सुटणाऱ्या गोष्टीही लिहून ठेवा: वाहतूक आणि माल वर चढवण्याची मजुरी, उंबरठ्याचा दगड, कोपऱ्यांची प्रोफाइल पट्टी, नळांसाठी भोकं पाडणं, कोनाड्याचं काम, सांध्याचं अंतर राखणारे स्पेसर, सिलिकॉन, पाणी जाण्याची जाळी, कर. एकेक बघितलं तर किरकोळ, एकत्र केलं तर बऱ्यापैकी मोठी रक्कम होते.

माप: फुटांत मोजा, पण टाइलच्या ओळींत पडताळा

आठ बाय पाच फुटांचं बाथरूम घेऊ. टाइल सात फुटांपर्यंत लावायची आहे, दरवाजा अडीच बाय सात फुटांचा आहे.

जमीन ४० चौरस फूट. चारही भिंतींची मिळून लांबी २६ फूट, गुणिले ७ म्हणजे १८२. दरवाज्याचे साडेसतरा वजा केले की १६४.५ उरतात. दोन बाय दोनची खिडकी वजा करू नका. भिंत सहा इंच जाड असेल तर खिडकीच्या आतल्या चारही कडांना टाइल लावायला साधारण चार फूट माल लागतोच, म्हणजे हिशोब तिथल्या तिथे फिटतो. सरळ मांडणीला १० टक्के जादा धरले की भिंतीसाठी १८१ चौरस फूट होतात. जमिनीला जाळीभोवती आणि उतारासाठी काप जास्त पडतात, म्हणून १५ टक्के जादा धरून ४६. तिरकी किंवा हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी) मांडणी असेल तर भिंतीलाही १५ टक्के धरा.

आता एक बारीक गोष्ट. बाजारात जिला 'एक बाय दोन' म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ३०० × ६०० मिमी असते. तिचं खरं क्षेत्रफळ दोन फूट नसून साधारण १.९४ चौरस फूट भरतं. तसंच 'दोन बाय दोन' म्हणजे चार फूट नव्हे, ३.८७ च्या आसपास. तीन टक्क्यांचा हा फरक लहान दिसतो, पण नेमका शेवटची ओळ लावताना अंगावर येतो. म्हणून बॉक्सवर छापलेलं चौरस मीटरचं क्षेत्रफळ वाचा आणि त्याला १०.७६ ने गुणा. पाच टाइल्सचा बॉक्स ०.९ चौरस मीटरचा, म्हणजे ९.६९ चौरस फुटांचा. १८१ भागिले ९.६९ म्हणजे १८.७, म्हणून १९ बॉक्स.

हा आकडा आला की तो ओळी मोजून पडताळा. इथेच खरी मांडणी ठरते. टाइल आडवी लावली तर ३०० मिमीच्या सात ओळी आणि मधले तीन मिमीचे सहा सांधे मिळून २११८ मिमी होतात. सात फूट म्हणजे २१३४ मिमी. वर उरले १६ मिमी. 'सात फूटच पाहिजे' असा हट्ट धरला तर मिस्त्री वर बोटभर पट्टी लावेल आणि ती पट्टी तुम्हाला रोज दिसेल. त्यापेक्षा सात ओळींवर थांबा, किंवा थेट छतापर्यंत जा.

लांबीचंही तसंच. आठ फूट म्हणजे २४३८ मिमी. चार टाइल्स आणि मधले तीन सांधे २४०९ मिमी घेतात. कागदावर चांगली इंचभर पट्टी उरलेली दिसते. पण शेजारच्या दोन भिंतींना आधी टाइल लागली की प्रत्येकीची ९ मिमी टाइल आणि सुमारे ५ मिमी अ‍ॅडहेसिव्ह मिळून दोन्हीकडचे २८ मिमी कमी होतात. उरतात २४१०. सांधे तीनऐवजी दोन मिमीचे ठेवले तर चार टाइल्स २४०६ मिमीत बसतात आणि दोन्ही कोपऱ्यांना दोन-दोन मिमी मोकळे राहतात. एकही काप नाही! भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतील तरच हे जमतं, शिवाय अशा अरुंद सांध्याला रेक्टिफाइड टाइलच लागते, म्हणजे भाजल्यानंतर कडा मशीनने कापून एकसारख्या केलेली. पण कोणती भिंत आधी लावायची एवढ्या एका निर्णयावर इंचभर पट्टी टळते, हे लक्षात घ्या.

आता टाइल्स मोजू. लांब भिंतींना ओळीला ४, अशा ७ ओळी आणि २ भिंती: ५६. आखूड भिंतींना दोन पूर्ण आणि एक कापलेली, म्हणजे ओळीला ३: एकूण ४२. दरवाजा एका कोपऱ्यात असेल तर तिथे ओळीला एक वाचते, म्हणून ७ वजा. झाल्या ९१. १९ बॉक्समध्ये ९५ येतात, म्हणजे तुटफुटीसाठी चारच राहतात. त्यावर एक बॉक्स राखीव घ्या. तो चैनीचा खर्च नाही. काही वर्षांनी नळ बदलताना एक टाइल फोडावी लागली, तर तोवर ते डिझाइन बंद झालेलं असतं आणि चालू असलं तरी रंगाची तीच छटा मिळत नाही.

जमिनीची टाइल: घसरण आधी, रंग नंतर

आपल्या उदाहरणात जमीन ४० आणि भिंत १६४.५ चौरस फूट आहे. म्हणजे एकूण क्षेत्राचा जेमतेम पाचवा भाग जमिनीचा. दोन्हीकडे एकाच भावाची टाइल असेल आणि जमिनीसाठी दुप्पट भावाची घेतली, तर टाइल्सचा एकूण खर्च सुमारे २० टक्क्यांनीच वाढतो. पैसा खर्च करायचाच असेल तर इथे करा. घसरून पडण्याचा प्रश्न इथेच आहे, आणि पाणीही इथेच साचतं.

घसरण मोजण्याच्या दोन पद्धती कॅटलॉगमध्ये दिसतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. 'आर' ही श्रेणी ९ पासून १३ पर्यंत असते. बूट घातलेला माणूस तेल लावलेल्या उतारावर चालवून ती ठरवतात. आर ९ म्हणजे दहापैकी नऊ गुण असा समज करून घेणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात ती सगळ्यात खालची पायरी आहे. बाथरूमला खरी उपयोगी श्रेणी अनवाणी पायांची: ए, बी आणि सी. ही साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या उतारावर अनवाणी चालवून ठरवतात. 'ए' ला किमान १२ अंश, 'बी' ला १८ आणि 'सी' ला २४ अंशांच्या उतारापर्यंत पाय टिकावा लागतो. शॉवरखाली 'बी' मागा. अमेरिकी पद्धतीच्या कॅटलॉगमध्ये डीसीओएफ हा घर्षणाचा आकडा असतो. ओल्या सपाट जमिनीला तो किमान ०.४२ हवा. यातलं काहीच लिहिलेलं नसेल आणि विक्रेता नुसतं 'अँटिस्किड आहे' म्हणत असेल, तर नमुन्याची टाइल मागून घ्या, जमिनीवर ठेवा, साबणाचं पाणी ओता आणि कशाला तरी धरून अनवाणी पाय घासून बघा.

खरखरीतपणाही अति नको. सॅंडपेपरसारखी टाइल घसरत नाही, पण तिच्या खाचांत साबणाचा थर बसतो आणि तो काढायला ब्रश घेऊन बसावं लागतं. हात फिरवल्यावर बारीक खरबरीत लागणारी मॅट टाइल घरासाठी पुरेशी.

झिजेसाठी पीईआय ही ० ते ५ अशी श्रेणी असते. घरच्या बाथरूममध्ये लोक अनवाणी किंवा मऊ चपला घालून वावरतात, त्यामुळे २ किंवा ३ भागते. ५ साठी जादा पैसे मोजू नका. ती श्रेणी रहदारीच्या जागांसाठी आहे.

सिरॅमिक की व्हिट्रिफाइड

फरक ठरतो तो टाइल किती पाणी शोषते यावर. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. व्हिट्रिफाइड किंवा पोर्सलेन टाइलची मर्यादा ०.५ टक्का. दुकानात पडताळायचं तर टाइल उलटी करा आणि मागच्या बाजूला चार थेंब पाणी टाका. सिरॅमिकवर डाग बघता बघता मुरतो, व्हिट्रिफाइडवर थेंब तसाच बसून राहतो.

जमिनीला व्हिट्रिफाइड घ्या, त्यात घासाघीस नको. भिंतीला सिरॅमिक अगदी योग्य आहे. ती हलकी असते, कापायला सोपी असते, भिंतीवर कोणी चालत नाही आणि पाणी अडवायचं काम तिच्या चकचकीत थराचं आणि मागच्या वॉटरप्रूफिंगचं असतं. 'सगळीकडे व्हिट्रिफाइडच लावा' हा सल्ला बहुतेक वेळा बिल वाढवण्यापुरताच असतो. भिंतीची सिरॅमिक टाइल जमिनीवर लावणं मात्र कधीच नको.

पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड बाथरूमच्या जमिनीला नको, ओली झाली की ती निसरडी होते. संगमरवराचं दुखणं वेगळं आहे. आम्लयुक्त क्लीनरने त्याची चकाकी मरते आणि त्याला ठरावीक काळाने सीलर लावावं लागतं. हे निगुतीने करणार असाल तर जरूर घ्या, नाहीतर संगमरवरासारखी दिसणारी टाइल घ्या आणि निवांत राहा.

आकार ठरवताना जाळीकडे बघा

जमिनीचा उतार १:८० धरला तर २.४ मीटर लांबीत ३० मिमीचा फरक पडतो. जाळी खोलीच्या मध्ये किंवा कोपऱ्यात असेल तर उतार एकाच दिशेने नसतो, जमीन चारही बाजूंनी जाळीकडे झुकते. मोठी टाइल वाकत नाही, म्हणून तिला जाळीपासून कोपऱ्यांपर्यंत तिरकं कापावं लागतं. ३०० × ३०० ची टाइल किंवा मोझेक, म्हणजे अगदी लहान तुकड्यांची टाइल, सांध्यांवर वळून हा उतार सहज घेते. मोठ्याच टाइल्स हव्या असतील तर भिंतीलगत लांबट जाळी बसवा. मग उतार एकाच दिशेचा होतो आणि तिरके काप टळतात. पण हा निर्णय पाइप टाकण्याआधी व्हायला हवा. टाइल आणून ठेवल्यावर त्याचा उपयोग नाही.

मोझेकचा मोह होत असेल तर सांधे मोजा. ६०० × ६०० च्या टाइल्समध्ये एका चौरस मीटरला सुमारे ३.३ मीटर सांधे येतात, ३०० × ३०० ला ६.७ मीटर, आणि ५० मिमीच्या मोझेकला ४० मीटर. तेवढं ग्राउट विकत घ्यायचं, भरायचं आणि पुढे वर्षानुवर्षं घासायचं. शॉवरखालच्या चार-सहा फुटांत मोझेक छान वाटतं, पायाला पकडही देतं. पूर्ण भिंतीवर लावण्याआधी साफसफाई कोण करणार हे घरात ठरवून घ्या.

मोठ्या टाइल्सचं वजनही विसरू नका. ९ मिमी जाडीची पोर्सलेन टाइल चौरस मीटरला साधारण २० किलो भरते, म्हणजे ६०० × १२०० ची एक टाइल १४-१५ किलोची. भिंतही तशीच सपाट हवी: ३८० मिमीहून लांब टाइलसाठी तीन मीटरमध्ये तीन मिमीपेक्षा जास्त चढउतार नको. अशी लांब टाइल विटांच्या रचनेसारखी निम्म्यावर सरकवून लावायचा विचार असेल तर तो सोडा. भाजताना लांब टाइल मध्यावर किंचित फुगीर होते, आणि निम्म्यावर सरकवली की एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या कडेशेजारी येतो. एक तृतीयांशापर्यंत सरकवणं चालतं.

सांधा आणि ग्राउट

'सांधाच दिसायला नको' ही मागणी मिस्त्रीला रोज ऐकावी लागते. बिनसांध्याची टाइल लावू नका. रेक्टिफाइड टाइलला दीड-दोन मिमी पुरतात. साध्या कडेच्या टाइलला किमान तीन मिमी ठेवा, कारण त्या टाइल्सच्या मापातच थोडा फरक असतो आणि तो सांध्यातच मुरवावा लागतो.

सिमेंटचं ग्राउट स्वस्त आणि भरायला सोपं, पण ते पाणी आणि डाग दोन्ही शोषतं. इपॉक्सीचं, म्हणजे रेझिनचं, ग्राउट महाग, भरणारा हात तयार लागतो, आणि वेळेत पुसलं नाही तर टाइलवर त्याचा थर कायमचा बसतो. मी जमिनीला आणि शॉवरच्या भिंतींना इपॉक्सी आणि बाकी भिंतींना सिमेंटचं ग्राउट सुचवेन. जमिनीला पांढरं ग्राउट नको. मधला राखाडी रंग सगळ्यात कमी त्रास देतो.

रंगाचं म्हणाल तर एवढंच: पाण्यात क्षार जास्त असतील तर काळ्या किंवा गडद चकचकीत टाइलवर प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उठून दिसतो. नमुना घरी आणा आणि बाथरूममध्ये जो दिवा लागणार आहे त्याच दिव्याखाली बघा. दुकानातल्या प्रखर पांढऱ्या उजेडातली करडी टाइल घरच्या पिवळसर दिव्याखाली मातकट दिसू शकते.

दुकानात: बॉक्स वाचा, मग पैसे द्या

प्रत्येक बॉक्सवर शेड क्रमांक, बॅच आणि कॅलिबर, म्हणजे टाइलच्या प्रत्यक्ष मापाचा गट, लिहिलेला असतो. सगळ्या बॉक्सवर हे तिन्ही सारखेच हवेत. नंतर दोन बॉक्स कमी पडले म्हणून आणले आणि बॅच बदलली, तर फरक सुटा ठेवल्यावर जाणवत नाही, भिंतीवर शेजारी लागल्यावर मात्र डोळ्यांत खुपतो. म्हणून सगळा माल एकदमच घ्या, आणि न उघडलेले बॉक्स परत घेणार का हे बिलावर लिहून घ्या.

दोन टाइल्सची पुढची बाजू एकमेकींवर ठेवून दाबा. डगमगल्या तर त्या वाकलेल्या आहेत. थोडा बाक चालतो, खुळखुळ चालत नाही. चार टाइल्स एकावर एक रचून कडांवरून बोट फिरवा, मापातला फरक लगेच कळतो. लाकूड किंवा दगडाच्या छपाईची टाइल असेल तर छपाईचे किती वेगवेगळे नमुने आहेत ते विचारा. दोनच असतील तर भिंतीवर तीच गाठ पुन्हा पुन्हा दिसेल.

उरलेल्या मालाच्या ढिगात चांगली टाइल स्वस्तात मिळते, आणि बाथरूम लहान असल्याने तो माल अनेकदा पुरतोही. फक्त राखीव बॉक्ससकट पूर्ण माल तिथे असेल तरच घ्या.

मिस्त्रीशी आधी काय ठरवायचं

भाव चौरस फुटाचा की कामाचा, त्यात फोडणं, मलबा, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग यातलं काय धरलं आहे, कोपऱ्याला ४५ अंशांत घासून जोड द्यायचा तर त्याचे वेगळे पैसे किती, फुटलेल्या टाइल्स कोणाच्या खात्यावर, हे सगळं कागदावर घ्या. घासलेला कोपरा सुरेख दिसतो, पण त्याची धार नाजूक असते आणि बादली लागली की टवका उडतो. वर्दळीच्या कोपऱ्याला प्रोफाइल पट्टी बरी.

अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर सी १ किंवा सी २ लिहिलेलं असतं. व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही. तिला सी २ हवं. भिंतीवर जड टाइल खाली सरकू नये म्हणून 'टी' आणि मोठ्या टाइलसाठी लवचिक 'एस १' हे शब्द शोधा. सिरॅमिक टाइल सिमेंटमध्ये बसवताना आधी पाण्यात भिजवतात. अ‍ॅडहेसिव्हवर बसवताना भिजवायची नाही, पण भिजवण्याची सवय काही जुन्या हातांना सोडवत नाही.

जुन्या टाइल्सवरच नवीन लावायच्या का? जुन्या घट्ट असतील, कुठे पोकळ वाजत नसतील आणि गळती नसेल, तर फोडण्याचा खर्च वाचतो. पण जमीन १२ ते १५ मिमी वर येते. दरवाजा, उंबरठा आणि जाळीची उंची आधी तपासा. गळती असेल तर हा विषयच नको.

काम चालू असताना

टाइल आणि सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाहीत. ते काम वॉटरप्रूफिंगच्या थराचं. तो जमिनीवर, भिंतींवर किमान फूटभर आणि शॉवरकडे शॉवरच्या उंचीपर्यंत चढवा. पाइपांभोवती आणि जाळीपाशी जास्त काळजी घ्या, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. थर सुकला की जाळी बंद करून पाणी भरा आणि २४ ते ४८ तास ठेवा. पातळीची खूण भिंतीवर करा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. 'गरज नाही, आपलं काम पक्कं असतं' असं उत्तर आलं तर पाणी आणखी एक दिवस ठेवा.

टाइल लावायला सुरुवात झाली की एक ताजी लावलेली टाइल उचलून दाखवायला सांगा. ओल्या जागेत मागच्या बाजूला ९५ टक्के तरी अ‍ॅडहेसिव्ह लागलेलं हवं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून लावलेली टाइल झटपट सपाट बसते, पण मागे पोकळी राहते. तिथे पाणी साचतं, आणि जड काही आपटलं की कोपरा फुटतो. दातेरी करणीने एकाच दिशेने ओढलेल्या रेघा दिसल्या म्हणजे काम बरोबर चाललं आहे.

भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे आणि आतल्या उभ्या कोपऱ्यांत ग्राउटऐवजी त्याच रंगाचं सिलिकॉन भरा. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, त्यामुळे ताठ ग्राउट तिथे तडकतं.

शेवटचे पैसे देण्याआधी

नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा, विशेषतः कोपरे. पोकळ आवाज आला तर खडूने खूण करा. जमिनीवर दोन बादल्या पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटांनी बघा. पातळ ओल राहणं ठीक, डबकं राहिलं तर उतार चुकला आहे आणि तो आत्ताच दुरुस्त व्हायला हवा. टॉर्च भिंतीला लागून तिरकी धरली की वरखाली झालेल्या कडांची सावली पडते. गुळगुळीत भिंतीत जे दिसत नाही ते त्या सावलीत दिसतं.

ग्राउट आणि सिलिकॉनच्या पाकिटावर सांगितलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय शॉवर सुरू करू नका. सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने टाइलवरचा डाग जातो, पण सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं आणि नळांचा मुलामा उडतो. बादलीभर पाणी, ओला स्पंज आणि वेळेत पुसणारा माणूस असला की अ‍ॅसिडची गरज सहसा पडत नाही, म्हणून ही अटही मिस्त्रीच्या कागदावर आधीच लिहून घ्या.